वाचकांचे प्रश्न : आधी कडं, मग तलवार

जुन्या इंग्रजीतल्या, म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळातल्या वीरकाव्यांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक प्रश्न दोन कवितांभोवती फिरतात, म्हणून त्यांची ओळख आधीच करून देतो. 'बेओवुल्फ' ही ३१८२ ओळींची दीर्घकविता. तिची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, इ.स. १००० च्या सुमाराची. गोष्ट मात्र इंग्लंडची नाही, डेन्मार्कची आणि दक्षिण स्वीडनमधल्या गेआत लोकांची आहे. गेआत वीर बेओवुल्फ डेन राजा ह्रोथगारच्या दरबारात येऊन ग्रेंडेल नावाच्या राक्षसाला आणि मग त्याच्या आईला मारतो. पुढे तो स्वतः राजा होतो आणि म्हातारपणी ड्रॅगनशी लढताना मरतो. 'मॉल्डनची लढाई' ही ऑगस्ट ९९१ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स प्रांतात खरोखर झालेल्या लढाईवरची कविता. तिच्या ३२५ ओळी हाती आहेत. सुरुवात आणि शेवट हरवला आहे.

प्रश्न (कोल्हापूर) : 'बेओवुल्फ'मध्ये राजाला सारखं 'रिंग-गिव्हर' म्हटलं आहे. आमच्या एम.ए.च्या नोट्समध्ये त्याचं भाषांतर 'अंगठ्या वाटणारा' असं दिलंय. एवढ्या अंगठ्या वाटून राजा काय साधतो?

उत्तर : तो अंगठ्या वाटत नाही. नोट्समधला तो शब्द आजच खोडा. मूळ शब्द आहे 'बेआग'. 'वाकवणे' या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे. आपली 'वाकी' म्हणताना जे वाकणं कानाला जाणवतं, तेच त्यात आहे. बेआग म्हणजे वाकवलेलं सोनं: दंडातली वाकी, मनगटातलं कडं, गळ्यातली हसळी. सोन्याचं कडं बक्षीस देणं आपल्याला नवं नाही, त्यामुळे मराठी वाचकाला हे इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळायला हवं. नाणी कमी होती तेव्हा असं कडं हाच पैसाही होता. ते तोडून, तुकडा तोलून देता येई. 'विडसिथ' या १४३ ओळींच्या कवितेतला भाट सांगतो, की गॉथांच्या राजाने त्याला सहाशे मोहरांच्या वजनाचं सोन्याचं कडं दिलं. ते त्याने स्वतःकडे ठेवलं नाही. घरी परतल्यावर आपल्या धन्याला दिलं, कारण त्या धन्याने त्याला बापाची जमीन परत दिली होती.

देणं असं फिरत राहतं, आणि सगळी गोम तिथेच आहे. 'बेओवुल्फ'चा जमाखर्च मांडला की हे नीट दिसतं. ग्रेंडेल मेल्यावर ह्रोथगार बेओवुल्फला चार वस्तू देतो: सोन्याची पताका, शिरस्त्राण, चिलखत, तलवार. वर सोन्याच्या लगामांचे आठ घोडे, त्यांतल्या एकावर राजाचं स्वतःचं खोगीर. बेओवुल्फबरोबर समुद्र ओलांडून आलेल्या प्रत्येकाला बाकावर बसल्या जागी एकेक वडिलोपार्जित वस्तू मिळते. त्यांच्यातल्या ज्या एकाला ग्रेंडेलने खाल्लं, त्याची भरपाई सोन्यात. राणी वेआल्थेओ दंडातल्या दोन वाक्या, वस्त्र, आणि कवीने जगात ऐकलेल्यांत सगळ्यात मोठी अशी गळ्यातली हसळी देते. ग्रेंडेलची आई मेल्यावर आणखी बारा मौल्यवान वस्तू. निघताना बेओवुल्फ किनाऱ्यावर त्याची नाव राखणाऱ्या माणसाला सोन्याने मढवलेली तलवार देतो, आणि कवी आवर्जून सांगतो, की त्या तलवारीमुळे मेजवानीच्या बाकावर त्या माणसाचा मान पुढे कायम वाढला.

घरी पोचल्यावर काय होतं? पताका, शिरस्त्राण, चिलखत, तलवार ही चारही आपल्या राजाला, हिगेलाकला. चार घोडेही त्यालाच. राणी हिग्दला हसळी आणि तीन घोडे. (आठातले सात झाले. आठव्याचं काय झालं हे कवी सांगत नाही. मोजत बसणाऱ्या वाचकांचा हा आवडता चाळा आहे.) मग हिगेलाक त्याला आपल्या बापाची तलवार, वाडा, उच्चासन आणि 'सात हजार' देतो. सात हजार काय, ते कवितेत लिहिलेलं नाही. अभ्यासक ते 'हाइड' धरतात. एक हाइड म्हणजे एका कुटुंबाच्या पोटापुरती जमीन. सात हजार हाइड म्हणजे तेव्हाच्या आकारणीत इंग्लंडमधल्या अख्ख्या ससेक्स प्रांताएवढा मुलूख.

परीक्षेत 'बक्षीस' एवढंच लिहून थांबू नका. बेओवुल्फने कमावलेलं जवळजवळ सगळं वर, राजाकडे जातं, आणि वरून दुसऱ्या रूपात खाली येतं. त्याने हिगेलाकला दिलेल्या चिलखताला इतिहासही आहे. ते ह्रोथगारच्या थोरल्या भावाचं, आणि त्या भावाने ते स्वतःच्या मुलालाही दिलेलं नव्हतं. बेओवुल्फ ही माहिती वस्तूबरोबरच सांगतो, कारण कोणाच्या हातून आलं यावर दागिन्याची अर्धी किंमत ठरते.

प्रश्न (डोंबिवली) : मग बेओवुल्फ हा भाडोत्री योद्धाच नाही का? इनाम मिळणार म्हणून लढायचं, यात शौर्य कुठलं?

उत्तर : भाडोत्री माणसाचं काम आधी आणि पैसे नंतर. या कवितांत क्रम बहुतेक उलटा असतो: आधी देणं, मग शौर्य. कवितेच्या पहिल्या पंचवीस ओळींतच कवी सांगतो, की तरुण राजपुत्राने बाप हयात असतानाच सढळ हाताने द्यावं, म्हणजे पुढे म्हातारपणी युद्ध आलं की सोबती त्याच्या पाठीशी उभे राहतील. घेतलेलं कडं हे ऋण आहे, आणि ते फेडायची जागा म्हणजे रणांगण. मराठीत याला खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात. तिथे मिठाऐवजी मध आंबवून केलेली मीड नावाची दारू आहे, एवढाच फरक.

बेओवुल्फ डेन्मार्कला येतो त्यामागेही जुनं खातं आहे. त्याच्या बापाने वुल्फिंग कुळातला एक माणूस मारला होता. सूडाच्या भीतीने त्याचे आपले लोकही त्याला थारा देईनात, तेव्हा तो ह्रोथगारकडे आला. ह्रोथगारने समुद्रापार सोनं पाठवून ते वैर मिटवलं. ग्रेंडेलचं नावही ऐकू येण्याआधीची ही गोष्ट. ह्रोथगार स्वागत करताना नेमकी तीच काढतो. बापाचं ऋण मुलगा फेडायला आलाय, हे दरबारात बसलेल्या प्रत्येकाला समजतं.

अर्थात ह्रोथगार इनामाचं बोलतच नाही असंही नाही. 'जिवंत परतलास तर काही कमी पडणार नाही' असं तो दोन्ही वेळा स्पष्ट सांगतो. पण देणाऱ्यालाही मर्यादा आहेत. हेओरोत हा दरबार बांधताना तो ठरवतो, की देवाने दिलेलं सगळं तिथे वाटीन, फक्त दोन गोष्टी सोडून: लोकांची सामाईक जमीन आणि माणसांचे जीव. त्या राजाच्या देण्याच्या नाहीतच. आणि न देणाऱ्याचं काय होतं? त्यासाठी हेरेमोद या जुन्या राजाचं उदाहरण दिलं जातं. त्याने डेनांना कडी दिली नाहीत, संतापात आपल्याच जेवणाच्या सोबत्यांना मारलं, आणि शेवटी एकटा पडला.

प्रश्न (सातारा) : हे वीर लढाईआधी स्वतःची एवढी बढाई मारतात, ते ऐकणाऱ्यांना खटकत नसे?

उत्तर : बढाई हा शब्द इथे चुकीच्या वजनाचा आहे. मूळ शब्द 'बेओत', आणि त्याला मराठीत विडा उचलणं हेच नाव शोभतं. विडा उचलताना मागे काय केलं हे सांगायचं असतं, आता काय करणार आणि कसं करणार हेही, आणि नाही जमलं तर पुढची व्यवस्था काय, तेसुद्धा. बेओवुल्फ म्हणतो: ग्रेंडेल हत्यार वापरत नाही, तर मीही तलवार घेणार नाही. मेलो तर माझ्या जेवणाची काळजी तुला नाही, राक्षसच मला खाऊन टाकेल. चिलखत मात्र हिगेलाककडे पाठव, ते वेलंड या दंतकथेतल्या लोहाराच्या हातचं आहे. यात बढाईपेक्षा मृत्युपत्र जास्त आहे.

चारचौघांत बोललेलं असल्यामुळे ते मागे घेता येत नाही. म्हणून दरबारात ह्रोथगारचा माणूस उन्फर्थ त्याला टोचतो: ब्रेका नावाच्या मित्राशी पोहण्याची पैज तू हरलास ना? बेओवुल्फ तपशिलाने हिशेब देतो. पाच रात्री दोघं समुद्रात बरोबर होते, मग लाटांनी वेगळे झाले, आणि त्याने नऊ जलराक्षस मारले. पुढे हाच उन्फर्थ ग्रेंडेलच्या आईशी लढायला त्याला आपली ह्रुंटिंग तलवार देतो. तलवार ऐन वेळी काहीच कामाला येत नाही. तरी बेओवुल्फ ती परत करताना तिला एका शब्दाने नावं ठेवत नाही. दिलेल्या वस्तूचा मान राखणं हाही त्या शिष्टाचाराचा भाग.

प्रश्न (पुणे) : मॉल्डनला बिर्तनोथने व्हायकिंगांना स्वतःहून वाट दिली, असं वाचलं. इतका अनुभवी सरदार अशी चूक कशी करेल? आणि कवी त्याला दोष देतो की त्याचं कौतुक करतो?

उत्तर : आधी जागा डोळ्यांसमोर आणा. ब्लॅकवॉटर नदीचं मुख, कवितेत तिचं नाव पांते. व्हायकिंग, म्हणजे समुद्रातून आलेले लुटारू, नदीतल्या एका बेटावर, ते बहुधा आजचं नॉर्दी. बेट आणि किनारा यांच्यामध्ये एकच अरुंद वाट, आणि भरती आली की तीही पाण्याखाली. किनाऱ्यावर एसेक्सचा एआल्डोरमन बिर्तनोथ. एआल्डोरमन म्हणजे राजाच्या वतीने प्रांत सांभाळणारा. तो घोडे मागे पाठवायला लावतो. त्याने ढाल कशी धरायची, रांग कशी लावायची हे शिकवलेले लोक बहुतेक नवखे आहेत. पण तो स्वतः घोड्यावरून उतरतो तो आपल्या चुलीभोवतीच्या, खास विश्वासातल्या माणसांमध्ये.

पलीकडून दूत ओरडून सांगतो: सोनं द्या, आम्ही जातो. तो जे मागतो त्यालाही कवी 'बेआग'च म्हणतो. धन्याने सोबत्याला द्यायचं कडं शत्रू खंडणी म्हणून मागतोय! बिर्तनोथचं उत्तर त्याच शब्दांच्या खेळातलं आहे: खंडणी म्हणून भाले देऊ, जुन्या तलवारी देऊ, आणि लढाईत तुम्हाला उपयोगी न पडणारं 'हेरेगेआतू' देऊ. या शब्दाचा साधा अर्थ युद्धाचं सामान. पण कायद्यात तो धन्याकडे परत जाणारा भरणा होता. माणूस मेला की त्याला मिळालेली शस्त्रं आणि घोडे धन्याकडे परत जात. नंतर राजा क्नूटच्या कायद्यात त्याचे आकडे ठरवलेले दिसतात: अर्ल मेला तर आठ घोडे, त्यांतले चार खोगिरासह, चार शिरस्त्राणं, चार चिलखतं, आठ भाले, तेवढ्याच ढाली, चार तलवारी आणि सोन्याचे २०० मँकस (मँकस हे सोनं मोजायचं तेव्हाचं एकक). बिर्तनोथ म्हणतोय, तुम्ही माझे धनी समजून भरणा मागताय? घ्या मग, टोकाकडून घ्या.

आता भरती उतरते. वुल्फस्तान, एल्फेरे आणि मॅकस हे तिघेच त्या वाटेच्या तोंडाशी उभे राहून ती अडवतात. पहिला पाऊल टाकणारा वुल्फस्तानच्या भाल्याने पडतो. व्हायकिंगांना कळतं, असं जमणार नाही. ते पलीकडे यायची परवानगी मागतात, आणि बिर्तनोथ देतो. इथे कवीचा शब्द आहे 'ओफेरमोद'. त्यानेच नवा गोंधळ सुरू होतो. 'मोद' म्हणजे मन, उमेद. 'ओफेर' म्हणजे वर, जास्त. काही जण भाषांतर 'अतिधैर्य' असं करतात. आमच्या मते ते सोयीचं भाषांतर आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा वाईट अर्थानेच येतो. सैतान स्वर्गातून पडतो त्या कवितेत सैतानाच्या गर्वाला तोच शब्द आहे. शिवाय पुढच्याच ओळीत कवी म्हणतो, की त्याने त्या लोकांना 'जास्तच जमीन' दिली. यात कौतुक शोधणं कठीण आहे.

पण बिर्तनोथच्या बाजूनेही एक साधा विचार आहे. वाट अडवून धरली असती तर व्हायकिंग जहाजात बसून किनाऱ्यावर दुसरीकडे उतरले असते, जिथे कोणी एआल्डोरमन वाट बघत उभा नव्हता. लढाई इथेच उरकायची असेल तर त्यांना जमीन द्यावीच लागणार. कवीने हा विचार लिहिला नाही. त्याचं लक्ष परिणामाकडे आहे.

परिणाम असा: बिर्तनोथ पडतो, आणि ओड्डाचा मुलगा गॉड्रिक पळतो. धन्याने त्याला वरचेवर घोडे दिले होते, हे कवी नेमकं याच जागी सांगतो. तो पळतोही धन्याच्याच घोड्यावर, त्याच्याच साजावर. त्याचे दोन भाऊ बरोबर. पळपुट्यांपेक्षा जास्त नुकसान त्या घोड्याने केलं. लांबून लोकांना तो घोडा ओळखू आला, वाटलं बिर्तनोथच चालला, आणि ढालींची भिंत फुटली. बिर्तनोथचा सोबती ऑफा हे नंतर स्पष्ट बोलतो. त्याने सकाळीच बैठकीत सांगितलं होतं, की इथे जोरात बोलणारे बरेच जण वेळ आली की टिकणार नाहीत.

मग उरलेले एकेक करून बोलतात आणि मरतात. एल्फविने म्हणतो, मीड पिताना बाकांवर बसून बोललेले शब्द आठवा. स्टर्मरचा लेओफसुनू म्हणतो, पावलाएवढंही मागे हटणार नाही. धनी पडल्यावर घरी परतला, असं माझ्या गावचे लोक मला म्हणणार नाहीत. दुन्नेरे हा साधा शेतकरी, त्याला एकच वाक्य आहे. नॉर्थम्ब्रियाहून ओलीस म्हणून आलेला मुलगाही धनुष्य चालवत राहतो. ऑफाने आपल्या 'बेआग-देणाऱ्या'ला शब्द दिला होता: दोघं मिळून घरी जाऊ, नाहीतर दोघं मिळून पडू. तो धन्याजवळ पडतो, कवीच्या शब्दांत 'सेवकाला साजेसा'.

त्याच वर्षी राजा एथेलरेडच्या वतीने व्हायकिंगांना १०,००० पौंड दिले गेले. पुढची खंडणी त्याहून मोठी होती.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : धनी आणि नातेवाईक यांत निवड करायची वेळ आली तर? रक्ताचं नातं कोणी सोडेल?

उत्तर : याचं सगळ्यात करकरीत उदाहरण कवितेत नाही, गद्यात आहे. 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या बखरीत ते ७५५ सालाच्या नोंदीत आहे. त्यातला शेवटचा प्रसंग मात्र ७८६ चा. वेसेक्सचा राजा सिनेवुल्फ थोडीच माणसं घेऊन मर्टनला एका स्त्रीकडे गेला होता. राज्यावर डोळा असलेल्या सिनेहार्डने घराला वेढा घातला. राजा दारात लढला, मग सिनेहार्डवर बाहेर झेपावला आणि मेला. आवाज ऐकून त्याचे सेवक धावले. सिनेहार्डने प्रत्येकाला जीव आणि पैसा देऊ केला. कोणी घेतला नाही. सगळे मेले, जबर जखमी झालेला एक ब्रिटन ओलीस सोडून.

सकाळी राजाची मागे राहिलेली माणसं आली. सिनेहार्ड दार लावून आतून म्हणाला, हवा तेवढा पैसा आणि जमीन घ्या, तुमचे नातेवाईकही माझ्याकडेच आहेत. उत्तर आलं: आम्हाला कुठलाही नातेवाईक धन्यापेक्षा जवळचा नाही, आणि त्याच्या मारेकऱ्यामागे आम्ही जाणार नाही. तरी त्यांनी नातेवाईकांना सांगितलं, तुम्ही सुखरूप बाहेर पडा. तेव्हा आतल्यांनी उलट सुनावलं: काल हेच तुमच्या सोबत्यांना सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही, तर आम्ही का ऐकावं? सिनेहार्ड आणि त्याच्याबरोबर ८४ जण मेले. या बाजूचाही एकच वाचला, तोही जखमी. दोन्ही बाजू एकाच नियमाने वागतात. लिहिणाऱ्याने कोणालाच शाबासकी दिलेली नाही.

प्रश्न (नागपूर) : धनीच मेला आणि सेवक जगला, तर पुढे त्याचं काय?

उत्तर : 'वाँडरर' ही ११५ ओळींची कविता म्हणजे त्याचीच अवस्था. बर्फाळ समुद्रावर वल्हं मारणारा माणूस झोपेत बघतो, की तो धन्याला मिठी मारतोय, त्याच्या गुडघ्यावर हात आणि डोकं ठेवतोय. जाग येते तेव्हा समोर पंख पसरून बसलेले समुद्रपक्षी. राजाच्या आसनाला जुन्या इंग्रजीत 'दान-आसन' म्हणतात, त्यामुळे ते गेलं की पत, पगार, पत्ता, सगळंच जातं. 'देओर'मध्ये तर धनी जिवंत आहे, फक्त त्याने भाटाची जमीन दुसऱ्या भाटाला दिली. कविता ४२ ओळींत आटपते.

प्रश्न (मुलुंड) : या कवितांचं मराठी भाषांतर करायचं तर कुठला छंद घ्यावा? ओवी की अभंग?

उत्तर : दोन्हींत यमक शेवटी येतं. यांच्यात शेवटी यमक नाहीच. सांधा सुरुवातीच्या आवाजावर आहे. एक ओळ म्हणजे दोन अर्ध्या, मध्ये विराम. प्रत्येक अर्ध्यात दोन ठोके. तिसऱ्या ठोक्याचा आवाज मुख्य. पहिल्या अर्ध्यातला एक किंवा दोन्ही ठोके त्याच्याशी जुळतात. चौथा जुळता कामा नये. मॉल्डनमध्ये म्हातारा बिर्तवोल्ड शेवटी म्हणतो त्या दोन ओळी कानाने घ्या:

हिये शेआल थे हेआर्द्रा, हेओर्ते थे केन्रे,
मोद शेआल थे मारे, थे ऊरे मॅयेन ल्यूत्लाथ.

पहिलीत ह, ह, ह आणि मग क. दुसरीत म, म, म आणि मग ल. अर्थ असा: आपलं बळ जसजसं घटेल तसतसं मन आणखी कणखर, काळीज आणखी तिखट, उमेद आणखी मोठी व्हायला हवी. मराठीत हा सांगाडा बसतो का, ते करून बघू:

मन हवं मजबूत आणखी, मर्दुमकी वाढती;
धीर हवा धगधगता, धमक सरत जाताना.

म, म, म, मग व. ध, ध, ध, मग स. बहुतेकांची चूक होते ती चौथ्या ठोक्यावर. मराठी कान अनुप्रास सुरू झाला की थांबत नाही, चौथाही जुळवतो, आणि ओळ जाहिरातीसारखी वाजू लागते. दुसरी चूक मात्रा मोजण्याची. इथे मात्रा नाहीत, ठोके आहेत. मधली लहान अक्षरं कमी-जास्त झाली तरी चालतात.

प्रश्न (पणजी) : बेओवुल्फ ड्रॅगनकडून एवढा खजिना जिंकतो आणि लोक तो पुन्हा पुरून टाकतात. मग मिळवला कशाला?

उत्तर : शेवटच्या लढाईत जे घडतं ते आधी बघा. पन्नास वर्षं राज्य केलेला राजा अकरा सोबती निवडून घेतो. बारावा तो स्वतः, आणि तेरावा वाट दाखवणारा, ज्याने गुहेतला पेला चोरून ड्रॅगनला जागं केलं. लाकडी ढाल आगीपुढे टिकणार नाही म्हणून लोखंडी ढाल मुद्दाम घडवून घेतो. तलवार मात्र मोडते. आणि त्याच्या सोबत्यांपैकी दहा जण रानात पळतात. एकटा तरुण विग्लाफ पुढे होतो. आत जाण्यापूर्वी तो म्हणतो ते या सगळ्या काव्याचं खातेपुस्तक आहे: मला तो दिवस आठवतो, आपण मीड पीत होतो, आणि ज्याने ही कडी दिली त्याला शब्द दिला, की अशी वेळ आली तर या शिरस्त्राणांची आणि तलवारींची परतफेड करू.

दहा जणांकडे सगळं होतं. शस्त्रं, चिलखतं, आठवण. देणाऱ्याने आपली बाजू पुरी केली होती. हिशेब दुसऱ्या टोकाला फसला. लढाई संपल्यावर ते मान खाली घालून येतात. विग्लाफची शिक्षा वैयक्तिक नाही: तुमच्या कुळातल्या प्रत्येकाचा जमिनीचा हक्क गेला, आणि ही बातमी बाहेर पसरली की सगळ्यांना कळेल. कुठल्याही भल्या माणसाला अपमानाच्या जगण्यापेक्षा मरण बरं, असं तो शेवटी म्हणतो.

बेओवुल्फ मरताना गळ्यातली सोन्याची हसळी, शिरस्त्राण आणि चिलखत विग्लाफला देतो. ते त्याचं शेवटचं देणं. खजिना लोकांसाठी मिळवला असं तो म्हणतोच. पण तो वाटणार कोण? राजाला मुलगा नाही, सोबती पळालेले, आणि स्वीड व फ्रँक चालून येतील असं दूत बजावून जातो. त्या सोन्यावर जुना शापही आहे. समुद्राकडे झुकलेल्या टोकावर दहा दिवसांत भला मोठा थडग्याचा टेकाड रचतात, बारा घोडेस्वार त्याभोवती फिरत शोकगीत म्हणतात. सोनं आत ठेवलं जातं. कवी म्हणतो, ते अजून तिथेच आहे, पूर्वी होतं तितकंच माणसांना निरुपयोगी.

अशी दफनं खरोखर होत. १९३९ मध्ये सफोकमधल्या सटन हू इथे २७ मीटर लांब जहाजाचा ठसा आणि त्यात शिरस्त्राण, तलवार, ३७ सोन्याच्या नाण्यांची थैली सापडली. ते दफन सातव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे.

प्रश्न (न्यू जर्सी) : मॉल्डनच्या एका भाषांतरात गॉड्रिक आधी पळतो आणि शेवटच्या पानावर शौर्याने लढतो. छपाईची चूक की हस्तलिखिताची?

उत्तर : दोन्ही नाही. हस्तलिखिताचं नशीब मात्र वाईट होतं. १७३१ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत ते जळलं. त्याच आगीत 'बेओवुल्फ'च्या पानांच्या कडा करपल्या. सुदैवाने मॉल्डनची नक्कल आधीच झाली होती, पण तेव्हाही पहिली आणि शेवटची पानं गेलेलीच होती. म्हणून कविता 'मोडलं गेलं' अशा अर्धवट वाक्यावर सुरू होते.

गॉड्रिक दोन आहेत. नाव तेव्हा सर्रास होतं. पळाला तो ओड्डाचा मुलगा. बिर्तवोल्डच्या बोलण्यानंतर भाला फेकत पुढे घुसतो आणि पडतो तो एथेल्गारचा मुलगा. दोघांत गल्लत होईल ही भीती कवीलाही होती. हाती असलेली अगदी शेवटची ओळ त्याने त्यासाठीच खर्च केली आहे: लढाईतून पळाला तो गॉड्रिक हा नव्हे.